वॉल काय म्हणतोय

आमच्या घरात मोहरी कधी करपली नाही. आईचं लक्ष असायचं म्हणून नव्हे, बाबांचे कान असायचे म्हणून. ते बाहेरच्या खोलीत पेपर पसरून बसलेले असत आणि आत तेलात मोहरी पडली की डोकं वर न काढता म्हणत, "तेल तापलं नाही अजून." आई आतून म्हणायची, "या, तुम्हीच घाला आमटीला फोडणी." तोंडाने असं म्हणायची खरी, पण हात मागे घेऊन थांबायची, आणि मोहरी नीट तडतडल्यावर बाहेरून आवाज यायचा, "आता हिंग." सानपाड्याच्या त्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, एक पितळी स्टो आणि बाबांचे कान असे राहत होतो. त्या कानांवर आमचं पोट होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बाबा गार खोल्या दुरुस्त करायचे. सुरुवातीची बरीच वर्षं ते तळोज्याला मासळीच्या एका कारखान्यात होते, मोठाल्या कॉम्प्रेसरांच्या घरात. तिथे दोन माणसांना बोलायचं असलं तर एकमेकांच्या कानात ओरडावं लागे. मग ते सोडून त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. स्कूटर, मागे अडकवलेली गॅसची टाकी आणि हत्यारांची पिशवी. दूधडेअऱ्या, आइस्क्रीमची दुकानं, द्रोणागिरीकडची एखाददुसरी गोदामं आणि खाडीकाठच्या गावांमधल्या कोळणींच्या गार खोल्या. कुठेही गेले की इतर मिस्त्री आधी दाब मोजायचे गेज लावतात, बाबा आधी पिशवीतून लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचे.

ते का, हे सांगायला हवं. गार खोलीच्या यंत्रात मुठीएवढा एक पितळी व्हॉल्व्ह असतो, एक्सपान्शन व्हॉल्व्ह, मिस्त्री लोकांच्या तोंडी नुसता वॉल. दाबाखालचा पातळ गॅस त्याच्या बारीक भोकातून पुढे सुटतो आणि सुटता सुटता गार होतो. सगळा थंडावा तिथून सुरू होतो. बाबा म्हणायचे, यंत्राची नाडी तिथे लागते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक वॉलवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. गॅस भरपूर आणि सारखा जात असला तर एकसंध, भरदार आवाज येतो, नीट पंप मारलेल्या स्टोसारखा. बाबा त्याला 'स्टो' म्हणायचे. स्टो ऐकू आला की हत्यारं पिशवीत परत. गॅस कुठेतरी गळून कमी झाला असेल तर पातळ गॅसाबरोबर बुडबुडे यायला लागतात आणि आवाज तुटतो, तडतडतो. ती 'मोहरी'. वॉलच्या आतली जाळी कचऱ्याने तुंबली तर शिट्टीआधीच्या कुकरसारखी बारीक सूं सूं. आणि काहीच आवाज नसेल तर वॉल 'मुका'. मग वाट बघायची नाही, काहीतरी अडकलेलं किंवा मेलेलं आहे.

ही नावं त्यांची त्यांनीच ठेवली होती. ज्या उस्तादाकडे ते शिकले त्याचे शब्द वेगळे असतील, पण बाबा ते काम लग्नाआधी शिकले, स्वतःच्या हाताने रांधून खात होते तेव्हा, आणि दिवसभर वॉल ऐकून घरी आलं की तेच आवाज पुन्हा चुलीवर ऐकू येत. आमच्याकडे जेवताना कामाच्या गोष्टी याच भाषेत चालायच्या. "आज काय निघालं?" "मोहरी. नट सैल होता." आईने आयुष्यात वॉल पाहिला नव्हता, पण त्याचं दुखणं तिला पाठ होतं. मलाही. मी तर माणसांनाही ही नावं लावायची. समोरच्या काकू मोहरी, आमच्या मुख्याध्यापिका कुकर. बाबा हसायचे आणि म्हणायचे, "आणि तुझी आई?" आई दोघांकडे बघायची, की आम्ही गप्प जेवायचो.

मग एका वर्षी बाहेरच्या खोलीतून "आता हिंग" यायचं थांबलं.

आधी आईला बरंच वाटलं असावं. "सुटले एकदाची," असं ती म्हणालीही होती. पण एक दिवस मी अभ्यास करत बसले होते आणि आत तेलाचा धूर व्हायला लागला. मोहरी तडतडून, काळी होऊन, गप्प झाली. करपल्याचा वास बाहेर आला तेव्हा बाबांनी मान वर केली आणि विचारलं, "काय जळतंय गं?" आई हातात पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती त्यांच्याकडे बघत होती. तिने मुद्दाम जाळली होती ती मोहरी. आमच्या घरात अन्न वाया घालवणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या मूठभर काळ्या दाण्यांचं वजन कळेल. "काही नाही, लक्ष नव्हतं माझं," असं म्हणून ती आत गेली.

त्या दिवसानंतर ती मला म्हणाली, "बाबांशी बोलताना तोंड दाखवून बोलत जा." बस्स, एवढंच. का ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. बाबांना हाक ऐकू यायची, बसचा भोंगा ऐकू यायचा, कॉम्प्रेसरचा धडधडाट तर छातीतच यायचा. गेले होते ते बारीक आवाज. आता या वयात डॉक्टरने माझ्याच कानांचा आलेख समोर धरून समजावलं, की मोठ्या आवाजात वर्षं काढली की बारीक आवाज आधी जातात आणि माणसाला वाटत राहतं की आपल्याला ऐकू येतंय. मला त्या डॉक्टरच्या खोलीत बाबा आठवले आणि रडूच आलं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, तुमचं एवढं काही वाईट नाहीये." त्याला काय सांगणार.

बाबा अनुभवावर आणि गेजच्या काट्यांवर निभावून नेत होते. पण एकाच गिऱ्हाइकाकडे त्यांना पुन्हा पुन्हा जावं लागायला लागलं. वाशीच्या एका आइस्क्रीमवाल्याने दुसरा मिस्त्री धरला. घरी आले की ते दमलेले असायचे, आणि आईने विचारलं, "आज काय निघालं?" तर म्हणायचे, "जुनं मशीन आहे, दुसरं काय." आमची भाषा जेवणातून हळूहळू गेली. घर गप्प झालं. आईला तेव्हाच कळलं होतं की यांचे कान गेले हे गिऱ्हाइकांना कळलं, तर काम जाईल. आणि कळलं नाही, तर चुका होऊन काम जाईल. एवढं सगळं पोटात ठेवून ती रोज डबा भरून द्यायची.

पावसाळ्याआधी आई सुक्या मासळीची बेगमी करायची. बोंबील, सुकट, अंबाड. ती सगळी हिराबायकडून. हिराबाय बाबांचं जुनं गिऱ्हाईक, खाडीकडच्या गावातली कोळीण, अंगाने आडवी आणि जिभेने सरळ. होड्या किनाऱ्याला ओढायच्या आधी ती पापलेट, सुरमई, कोळंबी घेऊन आपल्या गार खोलीत भरून ठेवायची आणि समुद्र बंद असताना थोडी थोडी विकायची. तिच्या घराचा पावसाळा त्या खोलीवर निघायचा. त्या मे महिन्यात एका सकाळी तिचा निरोप आला की खोली गार होत नाही. बाबा स्कूटरवरून गेले आणि आई म्हणाली, "चल, आपणही बसने जाऊ, बोंबील घेऊन येऊ." आजही मला कळत नाही, ती बोंबलांसाठीच निघाली होती का.

आम्ही पोचलो तेव्हा बाबांनी बाहेरच्या यंत्राला गेज लावले होते आणि हिराबाय कमरेवर हात ठेवून उभी होती. "या वैनी. बगा, सकालपासून खोली तापतेय. आत माझा सगला पावसाल्याचा माल हाय." गेजचा एक काटा पार खाली गेलेला मलाही दिसला. पण त्या काट्याचं सांगणं अर्धंच असतं. वॉल अडकून बसला तरी तो खाली जातो, आणि गॅस गळून कमी झाला तरी खालीच. नळीवर एक काच असते, तिच्यात बुडबुडे दिसतात, पण हिराबायच्या जुन्या यंत्राची काच आतून काळी पडली होती. उरला आवाज. बाबांनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि ते गार खोलीत शिरले. आम्ही तिघी दारात. आतल्या बाष्पाला मासळीचा, लोखंडाचा वास होता. टोपल्यांवरचा बर्फ पाणी सोडायला लागला होता.

बाबांनी आतला पंखा बंद केला. एकदम शांत झालं. त्यांनी टोक वॉलवर टेकवलं, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले, अगदी नेहमीसारखं. आणि त्या शांततेत मला दारात उभं राहून ऐकू आलं. तड, तडतड, मग जरा थांबून फुस्स, पुन्हा तडतड. लहानपणापासून जेवताना ऐकलेला शब्द पहिल्यांदा मी खरा ऐकत होते. मोहरी. स्पष्ट मोहरी. मला इतका आनंद झाला की मी आईचा हात धरला. ती वॉलकडे नाही, बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होती.

बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मुका झालाय. वॉल बसलाय, हिराबाय. बदलावा लागेल."

वॉल बदलायचा म्हणजे यंत्र बंद करून गॅस एका बाजूला गोळा करायचा, जुना वॉल काढायचा, नवा मुंबईहून आणायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तरी खोली बंद. मे महिन्यात, ती सगळी मासळी आत असताना. आणि इतकं करून खोली गार झालीच नसती, कारण गॅस तसाच गळत राहिला असता. हिराबायने कपाळावर हात मारला नाही, आरडाओरडा केला नाही. ती फक्त टोपल्यांकडे बघत म्हणाली, "तुमी सांगता त खरंच असंल. काडा मंग." बाबा पान्हा घ्यायला पिशवीकडे वाकले.

मी आईकडे बघितलं. तिने गप्प राहायचं ठरवलं असतं तर कुणी तिला बोललं नसतं. बाईमाणूस, स्वयंपाकघरातली, तिला वॉलमधलं काय कळतं. तिने पदर डोक्यावरून कानांभोवती आवळून घेतला आणि ओल्या फरशीवरून चालत बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली, त्यांना तिचं तोंड दिसेल अशी.

"अहो," ती म्हणाली, "मुका नाहीये तो. मोहरी आहे."

"कंची मोहरी?" हिराबाय दारातून म्हणाली. "हितं कोन फोडनी टाकतंय?"

बाबा आईकडे बघत राहिले. चेहऱ्यावर आधी राग आला, तो मी बघितला. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. पान्हा अजून त्यांच्या हातातच होता. मला वाटलं, आता म्हणतील, हो हो, मला पण आला आवाज, मी जरा घाईने बोललो. म्हणता आलं असतं. आम्ही दोघींनी ते कधी खोडलं नसतं, जन्मभर.

त्यांनी पान्हा खाली ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर आईच्या हातात दिला. "टोक इथे ठेव. जोर नको. मूठ इथे, कानामागे. नीट ऐक."

आईने ऐकलं. "मोहरीच. मध्ये मध्ये थांबतेय."

"थांबते तेव्हा फुसकारा येतो?"

"येतो."

"हिराबाय," बाबा वळून म्हणाले, "माझे कान गेलेत. मोठं ऐकू येतं, हे बारीक येत नाही. मगाशी तुम्हाला चुकीचं सांगितलं. वॉल चांगला आहे, गॅस गळतोय. हिने ऐकलं म्हणून कळलं. आता गळती मी शोधतो, पण तुम्हाला दुसरा मिस्त्री बोलवायचा असेल तर बोलवा, मला राग नाही." आवाज थोडा मोठाच होता त्यांचा, कान गेलेल्या माणसाचा असतो तसा. शेजारच्या ओट्यावर जाळं विणणाऱ्यांनी माना वर केल्या. मला बाबांची दया आली नाही, खरं सांगते. ते मला त्या क्षणी फार उंच वाटले आणि त्याचबरोबर आता आमचं सगळं गेलं, अशी भीतीही वाटली.

हिराबायने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "मिस्त्री, माझ्या घरवाल्याला लांबचं दिसत नाय. होरी घेऊन जातंय ना दर्यावर? पोऱ्या पुडं बसून सांगतंय, ह्यो वलवतंय. म्हावरा काय इचारतंय, कोनाचं डोलं ते? करा काम. माल पघलतोय माझा."

बाबांनी साबणाचं पाणी करायला सांगितलं. हिराबायच्या घरून वाटीत फेस आला. बाबा ब्रशने एकेका सांध्यावर तो फेस लावत गेले, आणि यंत्रामागच्या एका नटावर, जिथे हात पोचायलाही जागा नव्हती, तिथे बारीक बुडबुडे फुगायला लागले. ते आधी बाबांनीच बघितले. नट आवळला, पुन्हा फेस लावून बघितलं, टाकीतून गॅस भरला. "जा, ऐक," ते आईला म्हणाले. आई आत गेली. बाबा बाहेर काट्याकडे बघत आणि आम्ही आईकडे बघत. तिने टोक वॉलवर ठेवलं, मूठ कानामागे धरली, डोळे मिटले. मग तिचा चेहरा सैल झाला, आणि ती बाहेर येऊन बाबांच्या समोर उभी राहून म्हणाली, "स्टो."

बाबांनी विचारलं, "नक्की?" आई म्हणाली, "रोज पेटवते मी." हिराबाय इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या संध्याकाळी हिराबायने दिलेली कोळंबी आईने केली, ती बाबांनी ताटातून मान वर न काढता खाल्ली. मला वाटत होतं की बाबा आईवर रागावलेत. हात धुऊन आल्यावर ते दाराशी टॉवेलला हात पुसत म्हणाले, "उद्या डेअरीत जायचंय, वाशीला. डबा जरा लवकर कर." आई "बरं" म्हणाली. टॉवेल दोरीवर टाकत ते म्हणाले, "दोघांचा."

तेव्हापासून आई स्कूटरवर मागे बसून कामाला जायला लागली. एका हातात हत्यारांची पिशवी, मांडीवर डबा आणि खांद्यावर स्वेटर, भर उन्हाळ्यात. सोसायटीतल्या बायकांना तो स्वेटर बघून काय काय सुचायचं. समोरच्या मोहरी काकूंनी तर थेट विचारलं, "महाबळेश्वरला निघालात का?" आई म्हणाली, "हो, रोज." काही गिऱ्हाइकं गेली, नाही असं नाही. मिस्त्रीला ऐकू येत नाही म्हटल्यावर कुणी कशाला ठेवेल. पण खाडीकाठची गावं राहिली, डेअऱ्या राहिल्या, आणि मागाहून तर लोक बाबांना सोडून आईलाच हाक मारायला लागले, "वहिनी, जरा ऐकता का?" वॉल काय म्हणतोय ते आई सांगायची, तो तसं का म्हणतोय ते बाबा. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं काम येत नव्हतं. एकदा आईला असा आवाज आला, की भरत भरत वर जायचा, एकदम खाली बसायचा आणि पुन्हा भरायचा. बाबांकडे त्याला नावच नव्हतं. आई म्हणाली, "दूध उतू येतंय आणि कुणीतरी ज्योत कमी-जास्त करतंय." बाबांनी ताबडतोब ते नाव घेतलं. वॉल एकदा जास्त उघडतो, एकदा जास्त मिटतो, त्याचं ते 'दूध'. रात्रीच्या जेवणात आमची भाषा परत आली होती, आणि तिच्यात आता आईचाही शब्द होता.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडे असते. माझ्या घरात स्टो नाही. आमच्या नातवंडांनी तो बघितलेलाच नाही. आताच्या यंत्रांना वॉल ऐकायला कुणी लागत नाही, दारावर आकडे उमटतात आणि मिस्त्री मोबाइलमध्ये बघतो. आमचा फ्रिज मात्र जुना आहे. घरच्या फ्रिजला तसा वॉल नसतो, केसासारखी बारीक नळी असते, पण गॅस सुटायचा आवाज शेवटी तोच. आईला आता बारीक काही ऐकू येत नाही. वय झालं. दुपारी चहा घेताना ती फ्रिजच्या कुशीला तळहात लावते आणि माझ्याकडे तोंड करून विचारते, "काय म्हणतोय?"

मी रोज सांगते, "स्टो." ती मान हलवते आणि चहा पिते.

परवा तिने विचारलं, तेव्हा मी कान लावला आणि आत तडतडत होतं. क्षणभर वाटलं, नव्वदीला आलेली बाई, कशाला तिला नसती काळजी, नेहमीचं उत्तर देऊन टाकावं. मग ती ओली फरशी आठवली आणि कानांभोवती आवळलेला तो पदर. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले, माझं तोंड तिला दिसेल अशी, आणि म्हटलं, "मोहरी आहे, आई."

तिने कप खाली ठेवला. "मग बघत काय बसलीस," ती म्हणाली, "साबणाचं पाणी कर."